कॉकपिटात पाटवडी

“सर, विमानात बसलेल्या एखाद्याने मोबाइलवरून विमान हॅक केलं, तर ते अमरावतीऐवजी अकोल्याला उतरेल का?”

हा प्रश्न माझा नाही. तो आमच्या शेवटच्या बाकाचा सामुदायिक प्रश्न होता, विचारायला मात्र मी एकटीच उभी होते. आरतीने पैज लावली होती, विचारलास तर गिला वडा, नाही विचारलास तर भित्री. पण मी वड्यासाठी विचारलं असं कुणी समजू नये. गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून माझा आत्मविश्वास वाढलेला आहे. आमच्या घरी याला तोंड सुटणं म्हणतात, एवढाच फरक.

मार्गदर्शनासाठी आलेले गजेंद्र सर आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. आता ते नागपूरला विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. प्रश्न ऐकून मुख्याध्यापिका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी दप्तरातून रिमोट काढलाय. शेवटच्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणींच्या बुटांच्या लेस तेवढ्यात एकदम सुटल्या असाव्यात, कारण सगळ्याच्या सगळ्या खाली वाकल्या होत्या. सर मात्र खूश झाले. त्यांनी फळ्यावर विमान काढलं. ते बरंचसं भेंडीसारखं दिसत होतं, पण समजावून सांगण्यात माणूस पक्का.

त्यांनी सांगितलं ते असं. विमानात एकच जाळं नसतं. प्रवाशांच्या सिनेमाचं आणि वायफायचं जाळं वेगळं, कर्मचाऱ्यांचं वेगळं आणि वैमानिकाच्या यंत्रांचं तर अगदीच वेगळं. सीटसमोरच्या पडद्यावर उंची आणि वेग दिसतो, म्हणजे माहिती वैमानिकाकडून प्रवाशांकडे येते. प्रवाशांकडून तिकडे मात्र काही जाता कामा नये अशी व्यवस्था असते. काही तारा तर अशा असतात की त्यांच्यावर बोलणारं यंत्र एकच, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. उलट बोलायची सोयच ठेवलेली नसते.

वर्गाला हे अवघड गेलं. मला लगेच समजलं, कारण आमच्या घरी हीच पद्धत आहे.

पप्पा बोलतात, मी ऐकते. पप्पा म्हणजे नागसेन तायडे, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. त्यांच्याकडून त्या महिन्यात आलेला ताजा संदेश असा होता की, दहावी झाली की मी अकोल्याला मावशीकडे राहायला जायचं आणि डॉक्टर होण्याचे क्लास लावायचे. बरं, हा संदेशही मला थेट आला नाही. शेजारच्या माणिकबाईंनी गेटपाशी गाठून विचारलं, “काऊन वं प्रियदर्शनी, अकोल्याले चालली म्हनते?” तेव्हा कळलं. आईचं गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं, मी राहिले होते. मला बेडकाच्या चित्राकडेसुद्धा बघवत नाही. पण हे कुणाला सांगणार, तारेत सोय नाही.

गजेंद्र सरांच्या भेंडीने मात्र माझं डोकं फिरवलं. हे असं दोन जाळ्यांमध्ये भिंत घालायचं काम कुणीतरी करत असेल, त्याचा पगार घेत असेल, आणि त्यात बेडूक नसेल. मी घरी जाऊन सांगितलं, मला हे शिकायचंय. पप्पा पेपरच्या मागून म्हणाले, “विज्ञान प्रदर्शनात मॉडेल ठेव. जिल्ह्याले निवड झाली तर बोलू. नाई झाली तर गुमान अकोला.”

म्हणजे माझं पुढचं आयुष्य एका पुठ्ठ्याच्या विमानावर आलं.

सुरुवात शाळेच्या ऑफिसपासून झाली. प्रदर्शनाच्या नोंदणीचं काम लिपिक देवीदासजींकडे होतं. मी मॉडेलचं नाव सांगितलं, ‘विमान हॅक होतं का?’ देवीदासजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “पोरी, हॅक म्हटलं का सायबरवाल्यांची ना-हरकत लागन.” मी म्हटलं, हॅक होत नाही हेच दाखवायचंय. ते म्हणाले, होत नाई तं ना-हरकत लवकर भेटन. 

पप्पा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या साळ्याच्या मोबाइलचं लॉक मला उघडता येईल का असं विचारलं. येत नाही म्हटल्यावर माझ्याबद्दलचं त्यांचं मत जरा उतरलेलं दिसलं. मग ते म्हणाले की, पुठ्ठ्याच्या विमानाला पोलिसांची परवानगी लागत नाही. तसं लिहून द्या, असं पप्पांनी म्हटलं. परवानगी लागत नाही असं लिहून द्यायला वरून परवानगी लागते, असं कळलं. पप्पांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. उलट परत येताना ते म्हणाले, माणूस नियमाचा आहे.

शेवटी मीच नाव बदललं. ‘प्रवासी विमानातील सुरक्षित संदेशवहन जाळे.’ ते ऐकून मलाच जांभई आली. देवीदासजींनी आनंदाने नोंद केली आणि विभाग विचारला. यादीत शेती, आरोग्य, पर्यावरण, खेळणी असे विभाग होते. विमान कशात बसेना. त्यांनी खूप विचार करून ते खेळण्यांत बसवलं. माझ्या स्वाभिमानाला बसलेला हा पहिला चिमटा. पुढच्या चिमट्यांच्या मानाने तो गुदगुल्यांसारखाच म्हणायला हवा.

विमान घराच्या पोर्चमध्ये बांधायला घेतलं, हीच चूक झाली. आमच्या गल्लीत पोर्च ही खासगी जागा नसते. फ्रिजच्या खोक्याला मी पहिली कात्री लावली आणि तासाभरात सल्लागार मंडळ स्थापन झालं. आमच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झाल्यापासून आमच्या गल्लीत विमानावर सगळ्यांची मतं आहेत. अजून कुणी त्यात बसलेलं नाही, त्यामुळे मतं अगदी ठाम आहेत.

अध्यक्ष जानराव काका. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि एका वाक्यात निकाल लावला, “यात नवं काय हाये? आमच्या गाडीत पाटीच राहे, चालकाशी बोलू नये म्हनून.” मी म्हटलं, काका, पाटी असली तरी लोक बोलतातच ना, म्हणून तर विमानात भिंत लागते. त्यावर ते म्हणाले की, त्यांच्या गाडीत कुणाची बोलायची टाप नव्हती, ड्रायव्हरशी बोलणार फक्त घंटी, आणि घंटीची दोरी फक्त कंडक्टरच्या हातात. एक टोला थांब, दोन टोले चल. तुह्या विमानात घंटी कुठं हाये?

विमानात घंटी नसते हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते खरीखुरी घंटी घेऊन आले. कुठून आणली हे विचारायचं नाही अशी अट होती. ती त्यांनी स्वतः विमानाच्या छताला बसवली आणि दोरी शेपटीपर्यंत नेली. ज्येष्ठ नागरिकाच्या डोळ्यांत एवढा आनंद दिसत असताना घंटी काढून टाकणारी मुलगी मी नाही.

खरं काम मात्र मी एकटीने केलं. कॉकपिटच्या बाजूला एक छोटा बल्ब, प्रवाशांच्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर, मधे काळ्या कागदाचा बोगदा. बल्ब लुकलुकला की पलीकडच्या पडद्यावर उंचीचा आकडा बदलायचा. आता सेन्सरने कितीही मनात आणलं तरी तो बल्बला उलट काही सांगू शकत नाही. उजेड जातो, परत येत नाही. पहिल्यांदा आकडा बदलला तेव्हा मी ओरडले आणि आई लाटणं घेऊन धावत आली. पाल नाही हे बघून परत गेली.

दोन जाळ्यांना दोन राउटर हवेत. इतवारा बाजारात भंगारवाल्याकडे मला दोन मिळाले. एक चालला, दुसरा नुसता गरम व्हायचा. तो प्रवाशांना दिला असता तर त्यांनी त्यावर चहा केला असता. मग मी ठरवलं, कॉकपिटला घरचा राउटर लावायचा, एका दिवसाचा तर प्रश्न. कॉकपिटच्या पडद्यासाठी पप्पांचा जुना मॉनिटर होता, पण त्यावर माझ्या मोबाइलवरचे आकडे दिसायला टीव्हीच्या मागे लावतात ती स्टिक लागणार होती. ती माणिकबाईंनी स्वतःच्या टीव्हीची काढून दिली. म्हणाल्या, “ने वं बाई, तुमचं एवढं खातो आमी.”

इथे ‘तुमचं खातो’ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. माझी आई सुजाता तायडे हिची जगात दोनच ठाम मतं आहेत. एक, विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या वाटीने परत पाठवू नये. दुसरं मत आमच्या घरी वायफाय आल्यावर तयार झालं, ते असं की पासवर्ड म्हणजे विरजणच आहे. दिल्याने कमी होत नाही. गल्लीत कुणी वाटी घेऊन आलं की आई विरजण घालायची आणि वाटी देतादेता पासवर्डही सांगायची. वाटी परत येताना त्यात चकुल्या, मुरमुऱ्याचा चिवडा, लिंबाचं लोणचं असं काहीतरी यायचं. इंटरनेटच्या बदल्यात लोणचं घेणारं आमचं एकमेव घर असेल. मला हे माहीत होतं. तोंडपाठ माहीत होतं. तरीही तो राउटर उचलून कॉकपिटात बसवताना माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. घंटीची दोरी शेपटीला होती ना.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पप्पा आणि मी विमान ऑटोत घालून शाळेत नेलं. अर्धं ऑटोच्या आत, अर्धं बाहेर. राजापेठेच्या चौकात शेजारच्या मोटारसायकलवाल्याने विचारलं, “साहेब, उतरून राह्यलं का उडून राह्यलं?” पप्पांनी पाटबंधारे खात्याला शोभेल असं मौन पाळलं. 

माझं टेबल सभागृहात, संगणक कक्षाला लागून होतं. तिथून इंटरनेटची तार ओढून मी राउटरला लावली, कारण स्टिकला इंटरनेट मिळालं नाही की ती रुसते. सगळं चालू झालं. मॉनिटरवर उंची, वेग, दिशा. बोगद्यातून बल्ब लुकलुक करत होता आणि पलीकडे प्रवाशांना बरोबर तेच आकडे दिसत होते. प्रवासी म्हणून आरती बसली होती. तिला मोबाइलवरून दोन वेळा हल्ला करायला लावलं, दोन्ही वेळा ती आपटली. मी इतकी खूश होते की देवीदासजींनासुद्धा एकदा हल्ला करू दिला.

इकडे गल्लीत काय झालं, ते मला नंतर कळलं. आमचा राउटर शाळेत आल्यामुळे सकाळपासून गल्लीतलं नेट बंद. सुट्टीचा दिवस, कुणाचा मोबाइल चालेना, कुणाला घरात करमेना. शेवटी जानराव काकांनी प्रस्ताव मांडला की, आपल्या पोट्टीचं विमान तरी पाहून येऊ. आणि सगळी गल्ली आईला पुढे घालून शाळेत दाखल झाली.

त्या क्षणी मी परीक्षक मॅडमसमोर उभी होते. मॅडम अकोल्याहून आलेल्या, तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. आतापर्यंत त्या प्रत्येक टेबलासमोर ‘छान’ म्हणून पुढे जात होत्या. माझ्या बोगद्यासमोर थांबल्या. वाकून बल्ब बघितला, सेन्सर बघितला. “हे तू केलंस?” असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, मला सगळे आले. पप्पा खांबाआडून बघत होते. मग ते पुढे आल्याचं मी पाहिलं. 

मागे आमच्या गल्लीने प्रवाशांसाठी मांडलेल्या खुर्च्या भरून टाकल्या होत्या. एकेकाच्या खिशातून टुण, टुण, टुण असा आवाज यायला लागला. सकाळपासून अडकलेले निरोप येत होते. माणिकबाईंचा आवाज तेवढा मला स्पष्ट ऐकू आला, “अवं सुजाता, इथं तं आपलं नेट येऊन राह्यलं.”

मी राउटरकडे मान वळवली. पण तेवढ्यात मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला, की म्हणजे या विमानातला कुठलाही प्रवासी वैमानिकाच्या पडद्यापर्यंत पोचू शकणार नाही?

मी गॅदरिंगच्या आवाजात सांगितलं, “मॅडम, या विमानात ते केवळ अशक्य आहे.”

माणिकबाईंची सकाळी अर्धवट राहिलेली एक चित्रफीत होती. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मोबाइलवर काही बघायचं झालं की त्या कोपऱ्यातली ती छोटी खूण दाबतात आणि ते टीव्हीवर येतं. वर्षभराची सवय. त्यांनी खुर्चीत बसून खूण दाबली. त्यांच्या मोबाइलने आपली स्टिक ओळखली. स्टिकनेही मालकिणीला ओळखलं.

कॉकपिटमधली उंची गेली. वेग गेला. दिशा गेली. त्यांच्या जागी एक कढई आली आणि आख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात वैमानिकाला सूचना मिळाली की, बेसन गाठी न होऊ देता सतत हलवत राहा.

 मग जानराव काकांनी परिस्थिती ओळखली आणि शेपटीकडे जाऊन दोरी ओढली. एक टोला. विमान थांबलं नाही. पाटवडी थापायला आली होती.

माणिकबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, “पाय बाई, विमानात बी दिसते.”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. सगळं सभागृह हसत होतं. आरती, माझी जिवलग, हसता हसता प्रवासी खुर्चीतून खाली गेली. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण खाली संगणक कक्षाची तार होती, तिच्यात पाय अडकून मी जागेवरच राहिले. चष्मा पुसत मॅडमनी विचारलं, “यांना आत कुणी घेतलं?”

“माझ्या आईने,” मी म्हटलं. फजिती झाली तरी उत्तर बरोबर द्यायची सवय. “बोगद्यातून कुणी गेलं नाही मॅडम. बघा, बल्ब अजून चालू आहे. भिंत पक्की आहे. पासवर्डची किल्ली गल्लीभर वाटलेली होती.”

मॅडमचं हसू ओसरलं. त्या म्हणाल्या, “खऱ्या विमानातही भिंतीइतकीच किल्ली सांभाळावी लागते. ती कुणाकुणाकडे आहे, हे बघणारी माणसं लागतात.” मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाताना सांगितलं, जूनमध्ये आमच्या पॉलिटेक्निकला येऊन प्रयोगशाळा बघून जा.

निवड झाली नाही. निवड झाली सौरऊर्जेवर मान हलवणाऱ्या बुजगावण्याची. मला उत्तेजनार्थ, तेही खेळणी विभागात.

परतीच्या ऑटोत पप्पा माझ्या शेजारी बसले. विमानाची शेपटी त्यांच्या मांडीवर होती. चौक ओलांडल्यावर अचानक म्हणाले, “तो बल्ब लुकलुकते, ते बराबर हाये. पन त्या सेन्सरले आकडा कोनता हाये, ते कसं समजते?” मी सांगायला लागले. छोटी लुकलुक, मोठी लुकलुक, मधली थांबण्याची वेळ. घर आलं तरी सांगणं संपलं नव्हतं, आणि पप्पांनी मधे एकदाही पेपर शोधला नाही. मग पायरीवर उतरल्यावर त्यांना आठवण झाली की ते पप्पा आहेत. म्हणाले, “चाल, झाली हौस. उद्या मावशीले फोन करतो, क्लासची सीट पक्की करायले सांगतो.”

संध्याकाळी गल्ली माझं सांत्वन करायला पोर्चमध्ये जमली. प्रत्येकाने येताना एक एक करिअर आणलं होतं. जानराव काकांच्या मते एसटीची परीक्षा दिली तर मी तिकीट तपासनीस नक्की. माणिकबाईंच्या मते डॉक्टरच बरी, गल्लीत सोय होते, मात्र हाडांची हो, गुडघे सगळ्यांचेच दुखतात. कुणी बँक म्हणालं, कुणी पोलीस. आई सगळ्यांना चहा देत होती आणि सगळ्यांना ‘हाव, हाव’ म्हणत होती. मी विमानाशेजारी बसून ऐकत होते आणि मला हळूहळू सकाळचाच तो मॉनिटर दिसायला लागला. माझी उंची, माझा वेग, माझी दिशा, आणि वरून ज्याच्या हाती येईल तो आपापली कढई चढवतोय.

मी आत गेले. राउटर जागेवर लावला, पोर्चमध्ये टुण, टुण सुरू झालं, आणि मी पासवर्ड बदलला.

पोर्चमधले मोबाइल एकेक करून मुके झाले. थोड्या वेळाने माणिकबाई वाटी घेऊन दारात आल्या. आईने सवयीने विरजण घातलं, सवयीने पासवर्ड सांगितला. तो लागेना. आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बदललाय, आणि नवा मी कुणालाच सांगणार नाही.

आईचा हात वाटीवरच राहिला. निवड झाली नाही तेव्हा ती एवढी हादरली नव्हती. “दारात आलेल्या बाईले नाई म्हनू? माह्या तोंडानं?”

पप्पाही उठून आले. म्हणाले, हे काय नवीन, परत कर पहिल्यासारखा.

गॅदरिंगला पडदा उघडल्यावर उभी राहिले होते तशी मी दोघांसमोर उभी राहिले. 

“आई, विरजण सगळ्यांना दे. मोठ्या वाटीने दे. ज्याला नेट लागेल त्याला मी वेगळं पाहुण्यांचं जाळं करून देते, रेसिप्या दिवसभर चालतील त्यावर. पण घरचा पासवर्ड मिळणार नाही. आणि पप्पा, निवड झाली नाही, ते मान्य. अकोल्याला जाते. मावशीकडेच राहते, तिच्या हातची भाकरी खाते. फक्त क्लासला जाणार नाही. पॉलिटेक्निकला जाणार, हे जाळ्यांचं काम शिकायला. मावशीला मी मघाशीच फोन केला, फॉर्मची तारीख ती विचारून ठेवणार आहे. तुम्हाला हे विचारत नाहीये, सांगतेय. कॉकपिटमधून आलेली सूचना आहे, या तारेत उलट यायची सोय नाही.”

माणिकबाईंच्या वाटीतला चमचा तेवढा वाजला. पप्पा दारात उभे होते. डॉक्टरच्या वडिलांचा चेहरा अजून उतरवून ठेवलेला नव्हता आणि दुसरा कोणता घालायचा ते ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, “आन मंग मी काय करू?”

“पप्पा, तुम्ही खिडकीशी बसा,” मी म्हटलं. “पट्टा बांधून.”